कान्होबाचा अर्धा वाटा

बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाला गाव एकच पद देतं, खजिनदाराचं. अध्यक्ष व्हायला वजन लागतं, सचिव व्हायला मोटारसायकल आणि रिकामा वेळ. खजिनदाराला मात्र 'साहेब बँकेत होते' एवढं पुरतं. 2019 च्या दिवाळीत मी सामान घेऊन गावी आलो आणि कार्तिकी एकादशी उजाडायच्या आत विठ्ठल मंदिराच्या जीर्णोद्धार समितीची पावतीपुस्तकं माझ्या ओसरीवर येऊन पडली. सोबत एक कीर्द होती. तिच्यात मागच्या खजिनदारानं 'किरकोळ' या एका शब्दाखाली बराच इतिहास दडवला होता.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेली ही काळी, भेगाळ जमीन. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते ना पिकाला चालतं ना चहाला. माणसं कोरडवाहू कापूस-तुरीवर जगतात आणि आभाळाकडं बघतात. अशा गावानं तीन वर्षांत नऊ लाख साठ हजार रुपये देवासाठी जमवले होते. पावतीवर हिरव्या शाईत छापलं होतं: 'कळस व सभामंडप निधी'.

त्या वर्षीच्या सप्ताहात मी जमाखर्चाशिवाय आणखी एक गोष्ट पाहिली. आजूबाजूच्या सहा-सात गावांतून बाया कीर्तनाला येत होत्या. कीर्तन अकरापर्यंत चालायचं. मधेच दोघी-चौघी उठायच्या, एकमेकींचा हात धरून मंदिरामागच्या नाल्याकडं जायच्या, आणि अंधारात मोबाईलचा उजेड हलताना दिसायचा. काही म्हाताऱ्या दुपारपासून पाणीच पीत नव्हत्या. कारण विचारायची गरज नव्हती.

पुढच्या बैठकीत मी म्हणालो, कळस नंतर, आधी शौचालयं. थोडी कुजबुज झाली. मग मी गाडगेबाबांचं नाव घेतलं आणि कुजबुज थांबली. आमच्या भागात त्या नावापुढं कोणी उलटं बोलत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या दिवशी मी ते नाव काठीसारखं वापरलं, हे आज कबूल करतो.

अर्थात नाव वापरलं ते अगदीच उसनं नव्हतं. आजीनं लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. सकाळी कोणी फाटका माणूस गावचे रस्ते झाडत होता, पोरं त्याच्यामागं हसत फिरत होती, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला, हे ती दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायची. "झाडलं त्यानं, अन् लाज आमाले आली," हे तिचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

दुसरं कारण दादरचं. 2011 मध्ये थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर निघाला. आमच्याकडचा खर्रा, दुसरं काय. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. बाबांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी उभी राहिलेली ही इमारत. तिथं आम्ही अडीच महिने काढले. शेजारी बिहारचं एक कुटुंब, पलीकडं बंगालचं. कोण कुठल्या जातीचं, कोणत्या देवाचं, हे कोणी विचारलं नाही. रिपोर्ट काय आला एवढंच सगळे एकमेकांना विचारत. भाऊ गेला. मुंबईचं नाव निघालं की मला आधी त्या जिन्याचा फिनेलचा वास आठवतो.

तेव्हापासून बाबांविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचताना सवय बँकेचीच राहिली. लोक त्यांच्या हातातला खराटा बघतात, मला त्यांच्या आयुष्याच्या सुरुवातीला एक खातेवही दिसते. 23 फेब्रुवारी 1876 ला शेंडगावात, परिटाच्या घरात बाबांचा, म्हणजे तेव्हाच्या देबूजीचा जन्म. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडं बरी शेती होती, देबूजी त्यात रात्रंदिवस राबला. मामानं सावकाराकडून कर्ज काढलं होतं. किती घेतलं, किती फेडलं याचा हिशेब मामाकडं नव्हता, तो सावकाराच्या वहीत होता. त्या वहीनं शेत गिळलं आणि मामा त्या धसक्यानं गेला. चरित्रांतून पुढची गोष्ट येते ती अशी: सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी त्याच शेतात नांगर धरून उभा होता, आणि आलेल्या माणसांना त्यानं पिटाळून लावलं.

गाडगेबाबांना अक्षर येत नव्हतं. पण अक्षर न येण्याची किंमत एकरांत किती होते, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढं हजारोंच्या समुदायापुढं ते सांगत की ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ते सांगणं मला उपदेश वाटत नाही, मामाच्या शेताचा तो उशिरानं केलेला हिशेब वाटतो. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, नवसाला बकरं कापू नका. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटण न देता त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा जातगंगा रुसली होती. त्यांची देवावरची श्रद्धा अशी घरातल्या खर्चाच्या वहीपासून सुरू झालेली. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं ते अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि हातात गाडगं, अशा अवतारात. ज्याच्याकडं जप्त करण्यासारखं काही उरलेलंच नाही, असा माणूस.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. बाबांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे तिथला घाट. चिकट काळ्या मातीच्या उतारावरून बाया-म्हातारे घसरून पडत. बाबा आधी एकटेच माती टाकून उतार सारखा करत बसले, मग लोक आले, मग पायऱ्या झाल्या. गावाचं नाव ऋणमोचन. ज्याच्या मामाचं शेत ऋणात गेलं त्यानं ऋणातून सुटायच्या तीर्थावर निदान पाय घसरू नये एवढी सोय केली. हे जुळवणं माझं आहे, त्यांना असं काही सुचलं असेल असा माझा दावा नाही.

असो. ठराव झाला होता, गवंड्याशी बोलणं झालं होतं, आणि मी खूश होतो. तेवढ्यात एका संध्याकाळी ओसरीवर एक मावशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्या खालीच बसल्या, खुर्चीवर बसा म्हटलं तरी ऐकलं नाही. कमरेच्या पिशवीतून घडी घालून घालून मऊ झालेली हिरवी पावती काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. 251 रुपये. खाली दिवंगत नवऱ्याचं नाव.

"भाऊ, हे पावती घ्या वापस, अन् माह्ये पैसे द्या."

मी समजावायला लागलो. बायांची अडचण, आरोग्य, गाडगेबाबा, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते समदं बरोबर हाय. मी काय नाल्यात जात नाही का? पण म्या कळसाले देले होते. त्याच्या नावानं. संडासाले पायजे होते त तसं मांगाचं होतं."

मला राग आला. ज्या बाईच्या सोयीसाठी चाललं आहे तीच आडवी येते, आणि तेही कळसासाठी! 251 रुपये खिशातून काढून देऊन विषय संपवावा असं मनात आलं. पाकिटाकडं हातही गेला होता. पण तीस वर्षं जे काम केलं त्यानं हात थांबवला. खिशातून दिले असते तर कीर्दीत काय लिहिलं असतं? किरकोळ?

त्या गेल्यावर कोणास ठाऊक का, मला तुकोबांची इंद्रायणी आठवली. महिपतींनी सांगितलेली ती कथा आपल्याकडं प्रत्येकाला ठाऊक असते. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी. 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, त्यात पहिली बायको रखुमाई गेली, मुलगा गेला. लोकांकडून येणं असलेल्या रकमांची कर्जखतं घरात पडून. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली. शाळेत असताना गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टीत माझ्या डोळ्यांपुढं नेहमी तोच क्षण असायचा, वह्या पाण्यावर तरंगतात आणि मग बुडतात.

पण कथेत त्याच्या आधी एक बारीक तपशील आहे आणि तो मी आयुष्यभर वगळत आलो होतो. तुकोबांनी आधी वाटणी केली. खतांचे दोन भाग केले, अर्धा धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि उरलेला आपला अर्धा पाण्यात टाकला. कान्होबालाही संसार होता. त्याचं येणं सोडायचा अधिकार तुकोबांना नव्हता, मग भले त्यांना देव भेटलेला असो.

मी बँकेत कर्जं निर्लेखित होताना, म्हणजे बुडीत धरून वहीतून काढून टाकली जाताना, पाहिली आहेत. ज्याच्या सहीनं ती होतात त्याच्या घरातला चमचाही कमी होत नाही. 2008 च्या कर्जमाफीच्या याद्या मी स्वतः बसून केल्या. पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी, त्याच्यावर असेल त्यानं उरलेलं एकरकमी भरलं तर सूट. दिल्लीत बसून आखलेली ती रेघ. आमच्या खारपाणपट्ट्यात सात एकर कोरडवाहूचा मालक हा कालव्याखालच्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, हे त्या रेघेला माहीत नव्हतं. काउंटरसमोर उभा राहून एक शेतकरी मला म्हणाला होता, साहेब, दोन एकर नापीक असल्याचा दाखला आणला तर चालेल का? रेघ आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी अजूनही म्हणणार नाही. कणव खरी होती. ज्याला द्यायचं त्याच्या बांधावर कोणी जाऊन बघितलं नव्हतं, एवढंच.

आणि मी काय केलं होतं? बैठकीत अकरा माणसं. त्यात बाई एकही नाही. पैसे देणारे 214. मी त्या अकरांना एका संताचं नाव सांगून गप्प केलं आणि 214 जणांची खतं नदीत टाकायला निघालो, पुन्हा वर पुण्यकर्म केल्याच्या थाटात. कायद्यानंही ते बसत नव्हतं. मंदिर धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं आहे, ज्या कारणासाठी पैसा घेतला त्याच कारणाला तो लावायचा, हे मीच दुसऱ्यांच्या लेखापरीक्षणात कितीदा तरी लाल शाईनं लिहिलं होतं. पण कायदा दुय्यम. मावशींनी कायदा कुठं काढला होता?

मग पुन्हा गाडगेबाबांकडं गेलो, या वेळी काठी म्हणून नाही. बाबा आयुष्यभर पंढरपूरला जात राहिले. वाळवंट झाडलं, कीर्तनं केली, अन्नदान केलं, आणि विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला गेले नाहीत. हे सगळेच सांगतात, कारण ऐकायला ते झणझणीत आहे. त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवली की मात्र मी अडखळतो. त्याच पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. कोणासाठी? विठ्ठलासाठी चालत येणाऱ्यांसाठी. ज्यांना गावात कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं आणि देवळाची पायरीही ज्यांच्यासाठी बंद होती त्यांच्यासाठी. ती पायरी साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर 10 मे 1947 ला उघडली, तोवर कित्येक आषाढ्या तशाच गेल्या. पुढं ही धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी.

देव दगडात नाही असं हजारदा सांगणारा माणूस त्या दगडाच्या ओढीनं आलेल्यांच्या डोक्यावर छप्पर घालतो. त्यात त्यांना विसंगती वाटली नसावी. स्वतःच्या श्रद्धेचं काय करायचं हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. वारकऱ्याची श्रद्धा हा कान्होबाचा वाटा. मात्र नवसाच्या बकऱ्यापाशी, पोराच्या तोंडचा घास काढून केलेल्या तेराव्यापाशी ते गप्प बसत नसत, कारण तिथं बकऱ्याचा जीव आणि पोराचा घास कोणा तिसऱ्याचा होता. ही रेघ कुठं पडते हे त्यांना निरक्षर असून दिसत होतं. मला तीस वर्षं खतावण्या लिहून दिसलं नव्हतं.

त्यांच्या अखेरच्या दिवसांतल्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं, मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढं झालेलं. ते मी इअरफोन लावून तीनदा ऐकलं. त्या थकलेल्या, खरखरीत आवाजात विधानं फार कमी आहेत. प्रश्न, प्रश्न आणि प्रश्न. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि उरलेलं समोरच्यांकडून वदवून घ्यायचं. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचं. एवढा मोठा समुदाय त्यांच्या शब्दावर उठला असता-बसला असता, आणि ते विचारत बसतात. कीर्तन संपलं की पायांवर कोणी डोकं ठेवू नये म्हणून पळत सुटायचे, म्हणे. उभ्या केलेल्या लाखोंच्या संस्थांवर त्यांनी घरच्या माणसांचा हक्क ठेवला नाही. 2000-01 मध्ये राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्या वर्षी आमच्या गावानंही हाती खराटे घेऊन फोटो काढले. फोटो ग्रामपंचायतीत अजून आहे, खराटे नाहीत.

जानेवारीत मी वही घेऊन घरोघर निघालो. सोबत सचिव, त्याची मोटारसायकल, आणि माझ्या आग्रहावरून बचत गटाच्या दोन बाया. प्रश्न एकच: तुम्ही कळसाला दिलेले पैसे शौचालयांना वापरले तर चालतील का? नाही म्हटलंत तरी राग नाही.

जितकं सोपं वाटलं होतं तितकं ते नव्हतं. काहींनी दारातूनच 'हो हो' म्हटलं, त्यांचं हो लिहून घेताना मलाच बरं वाटेना. एकजण म्हणाला, माझे पैसे शौचालयाला लावा पण पाटी माझ्या नावाची लावू नका. दुसरा म्हणाला, पाटी लावत असाल तर लावा. एक माजी सरपंच तासभर बोलले, त्यातून हो की नाही ते आम्हा चौघांनाही कळलं नाही. तीन देणगीदार वारले होते, त्यांच्या मुलांना विचारलं, तर दोघा भावांत तिथंच भांडण लागलं. पुण्यातल्या एका इंजिनिअर पोरानं व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला. अंगठा धरावा का यावर समितीत अर्धा तास चर्चा झाली. पूर्वी सावकार लोकांचा अंगठा घेऊन जमिनी घेत, म्हणून मी शेवटी त्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, त्याचा अर्थ हो असाच होतो.

बाया मात्र बोलल्या. पुरुष घरी नसताना बचत गटाच्या दोघींनी जे ऐकलं ते मला कळायची सोयच नव्हती. शौचालय नाल्याच्या बाजूला नको, उजेडात हवं. दाराला आतून कडी हवी, ती मजबूत हवी. पाणी बादलीनं आणावं लागणार असेल तर बांधूच नका, कारण ते पाणी शेवटी आम्हालाच शेंदावं लागेल. माझ्या नकाशात ती नाल्याच्या बाजूलाच होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत 147 जणांनी होकार दिला, 38 जणांनी स्पष्ट नकार दिला, बाकीचे सापडले नाहीत किंवा सांगतो म्हणाले. नंतर टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. काम पुढच्या वर्षी झालं. मी सहा शौचालयं म्हणत होतो, चार झाली, उजेडात, वर टाकी असलेली. खतावणीत आता दोन खाती आहेत. कळस खात्यात ज्यांनी नाही म्हटलं आणि जे सांगतो म्हणाले त्यांचे पैसे तसेच आहेत. तेवढ्यात कळस बसत नाही, सभामंडप तर नाहीच. अध्यक्ष माझ्यावर अजून थोडे नाराज आहेत.

अमरावतीला जाताना वलगावपाशी पेढी नदीचा पूल लागतो. 20 डिसेंबर 1956 च्या रात्री, त्या पुलाजवळ, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. पूल आला की बसमधली म्हातारी माणसं अजून हात जोडतात. मीही जोडतो. मग उरलेला रस्ताभर मनात कसली तरी बेरीज चालू राहते.

मावशींनी पावती परत नेली. पैसे मागायचं त्यांनी नंतर सोडून दिलं, कारण पैसे कळसाच्या खात्यावरच आहेत हे मी त्यांना वही उघडून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून विचारलं, यातलं त्याचं नाव कुठलं? मी दाखवलं. त्या ओळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

एकादशीला काकड्याला येतात. पहाटेच्या अंधारात नव्या शौचालयाचा दिवा लागतो, दार वाजतं, नळ सुटल्याचा आवाज येतो. नंतर त्या सभामंडपाच्या अर्ध्या खांबाला टेकून बसतात आणि मी दिसलो की विचारतात,

"भाऊ, कळस कधी?"

"पाहू मावशी, अजून पैसे कमी आहेत."

"किती?"

दर वेळी मी आकडा सांगतो. दर वेळी त्या मान हलवतात आणि मागच्या एकादशीचा आकडा मला सांगून दाखवतात. आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत.